विजेच्या सायकलीचे चाक आणि तुटलेला आरा

व्याख्यानमालेत इतिहास यावा, अर्थशास्त्र यावे, तत्त्वज्ञान यावे. सायकलीच्या तुटक्या आऱ्याने तेथे कशाला यावे, असे काही श्रोत्यांस वाटेल. परंतु घरोघर डबे व सामान पोचविण्यावर ज्याचा रोजगार चालतो, त्याच्या विजेच्या सायकलीचा एक आरा तुटला की त्याचा दिवस बुडतो. सायकलदुरुस्तीवाला म्हणतो, ‘मोटरचे चाक आहे, आम्ही हात लावत नाही’. विकणारा म्हणतो, ‘अख्खे चाकच बदला’. या दोन उत्तरांच्या मधला एक सरळ मार्ग आहे आणि त्यासाठी विजेचे शास्त्र मुळीच लागत नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम चाकाचे तत्त्व पाहू. बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो. भार दाबाने खाली उतरतो. सायकलीचा आरा म्हणजे केवळ एक तार. तिला दाब सोसत नाही, ताण मात्र उत्तम सोसतो. म्हणून सगळे आरे आधीच घट्ट ताणून ठेवलेले असतात. स्वार बसला की जमिनीलगतच्या चार-पाच आऱ्यांचा ताण कमी होतो. इतरांचा फारसा बदलत नाही. चाक फिरले की तो आरा वर जातो व पुन्हा पूर्ण ताणला जातो. आरे नाभीला सरळ न जोडता तिरपे, स्पर्शरेषेच्या दिशेने जोडण्याचे एकस्व इंग्लंडात जेम्स स्टार्ले यांनी १८७४ साली घेतले. त्यामुळे नाभीचा पिळाचा जोर धावेपर्यंत पोचू लागला. आजचे चाक त्याच वंशातले आहे.

आता हिशेब करू. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो. एका किलोमीटरला चाक सुमारे ४८० वेळा फिरते. दिवसाला २० किलोमीटर धरले तर साडेनऊ हजारांवर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा सैल होतो व एकदा ताणतो. तार हाताने पुनःपुन्हा वाकविली की ती शेवटी मोडते, तद्वत धातू थकतो. म्हणजे आरा एका खड्ड्याने तुटला असे दिसले, तरी तो बहुधा अनेक महिने तुटत आलेला असतो. आणि येथेच एक उलटी वाटणारी गोष्ट ध्यानात ठेवावी: पुष्कळ आरे फार ताणल्याने नव्हे, तर सैल राहिल्याने तुटतात. सैल आऱ्याचे कोपर नाभीच्या छिद्रात हलत राहते व तेथेच चीर पडते.

मोटरच्या चाकात या अडचणी वाढतात. मोटर कित्येक किलो वजनाची असते. खड्ड्यात धाव उसळली की तो सगळा भार आऱ्यांनाच उचलावा लागतो. नाभी मोठी असल्याने आरे आखूड होतात व धावेत तिरके शिरतात. साध्या चाकाप्रमाणे तीन-तीन छेद दिले तर निपलपाशी आरा वाकतो आणि आट्यांजवळ तुटतो. म्हणून मोठ्या नाभीला एकच छेद पुरेसा व श्रेयस्कर असतो. जाड आरा घातला की प्रश्न सुटला, हाही भ्रमच होय. २.६ मिलिमीटरच्या आऱ्याचे क्षेत्रफळ २ मिलिमीटरच्या आऱ्याच्या सुमारे १.७ पट असते. त्यास नीट ताणावयाचे तर हलकी धाव तो जोर सोसू शकत नाही. परिणामी तो सैलच राहतो. उलट नाभीची छिद्रे जाड आऱ्यासाठी पाडलेली असतील, तर बारीक आऱ्याचे डोके त्यांत नीट बसत नाही. तेव्हा डोक्याखाली बारीक वॉशर घालावा.

प्रत्यक्ष काम असे करावे. बॅटरी बंद करून काढून ठेवावी. मोटरची वायर कनेक्टरपाशी सोडवावी. आसाचे नट काढताना वॉशरांचा क्रम लिहून ठेवावा किंवा फोनने चित्र घ्यावे. त्यांतील काही वॉशर आसाला फिरू न देण्यासाठीच असतात. ते चुकीचे बसले तर मोटरच्या जोराने आस चौकटीत फिरतो व वायर पिळून तुटते. मोटर उघडावयाची नाही. आपले सारे काम तिच्या बाहेर आहे.

टायर, ट्यूब व रिमटेप काढून तुटलेले तुकडे वेचावे. त्याच बाजूचा एक शाबूत आरा सोडवून कोपराच्या आतील कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजावा. दोन्ही बाजूंची लांबी सारखीच असेल असे धरू नये. नवा आरा घालताना डोके आत की बाहेर, शेजाऱ्याच्या वरून की खालून, हे जवळच्या तशाच आऱ्यावरून ठरवावे. आट्यांना तेलाचा थेंब द्यावा आणि निपल बसवावा.

पुढचे काम म्हणजे चाकाचा ‘आऊट’ काढणे. चौकटीला एक काडी बांधून धावेजवळ आणावी व चाक फिरवावे. धाव डावीकडे झुकत असेल तेथे उजव्या बाजूचे आरे पाव-पाव फेरा आवळावे, गरज पडल्यास डावे तेवढेच सैल करावे. घाई करू नये. नंतर एका बाजूचे आरे बोटाने छेडून ऐकावे. तंबोरा लावणाऱ्यास जसा कान लागतो तसाच येथे लागतो: जो बद्द वाजेल तो सैल, जो उंच वाजेल तो अधिक ताणलेला. स्वर जुळले म्हणजे ताण जुळले. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या हाताने आवळून घ्याव्या, म्हणजे कोपरे आपापल्या जागी बसतात. मग आऊट पुन्हा पाहावा. पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर आणखी एकदा तपासावे.

तुटक्या आऱ्यावर ‘चालतेय तोवर चालवू’ हे धोरण महाग पडते. त्याचा भार शेजारी उचलतात व तेही लवकर थकतात. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीत धाव ब्रेकला घासत नाही, म्हणून वाकडेपणा कळतही नाही. सुटे टोक वायरीत अडकले तर मोटरही जायची. एक आरा तुटला तर तो बदलावा. थोड्या दिवसांत दुसरा, तिसरा कोपरापाशीच तुटला, तर उरलेल्यांनीही तेवढेच फेरे सोसलेले आहेत हे ओळखून सगळे आरे नव्याने घालावेत. मोटर आणि धाव शाबूत असता अख्खे चाक टाकण्याचे कारण नाही.

सारांश, विजेच्या सायकलीचे चाक हे मुळात सायकलीचेच चाक आहे. ज्या कारागिराचा हात आऊट काढण्यात बसला आहे, त्यास या चाकासाठी नवी विद्या शिकावयाची नाही. वॉशर, वायर व आऱ्याची जाडी यांविषयी थोडे अवधान तेवढे बाळगावयाचे आहे. ते त्याने बाळगले, तर यंत्रही टिकेल आणि त्यावर पोट भरणाऱ्याचा दिवसही बुडणार नाही.