जुना पाळणा, नवा साज

नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासूनची. रूळ दोन फुटी, अंतर सुमारे २१ किलोमीटर. वाफ गेली, डिझेल आलं. अलीकडे मध्य रेल्वेने एका डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. जुन्या दर्दींना हे सोंग वाटेल, पोरांना मात्र शिट्टी पुरते.

इथे प्रश्न फक्त रूपाचा होता; अमेरिकेत एका जुन्या पाळण्याला नवा साज देताना भांडण कथेवरून झालं. डिस्नेच्या बागांमधल्या ‘स्प्लॅश माउंटन’ या पाण्यातल्या पाळण्याची कथा १९४६ च्या एका चित्रपटावरून घेतली होती आणि त्यातलं कृष्णवर्णीयांचं चित्रण आक्षेपार्ह ठरलं होतं. बदल हवा म्हणणाऱ्यांनी याचिका काढली, नको म्हणणाऱ्यांनीही काढली. २०२३ मध्ये पाळणा बंद झाला. २०२४ मध्ये तिथेच डिस्नेच्याच चित्रपटातल्या राजकन्या टियानाची सफर सुरू झाली. पाण्यातली मोठी घसरण मात्र तीच ठेवली, हे शहाणपणाचं.