माळ्यावरचा वस्तरा : ओळखावा, जपावा, गालाला मात्र लावू नये

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर भागातील जुन्या घरांची आवराआवर निघाली की माळ्यावरून कधी कधी न्हाव्याची धोकटी खाली येते. कातडी पिशवीत वस्तरा, कात्री, नराणी, पथरी, चामोटे आणि पाण्याची वाटी. खळ्यावरच्या धान्याच्या बदल्यात वर्षभर गावाची हजामत करणाऱ्या बलुतेदाराची ही सारी हत्यारे. बहुतेक वेळा ती किलोच्या भावाने भंगारात जातात. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना मात्र असा वस्तरा हवाहवासा वाटतो.

छंद चांगला आहे, पण वस्तरा हा नाण्यासारखा किंवा तिकिटासारखा निरुपद्रवी नाही. तो अनेक चेहऱ्यांवरून फिरलेला असतो. पूर्वी गळू फोडण्याचे कामही न्हावीच करीत, त्यामुळे त्याला रक्तही लागलेले असते. म्हणून वस्तरा हाती आला की दोन गोष्टी पाहाव्यात : तो कुठला व कधीचा आहे, आणि त्याच्यापासून अपाय काय होऊ शकतो.

शिक्का काय सांगतो?

पाते मुठीला जिथे जोडलेले असते, तिथे धार नसलेली जाड पट्टी असते. ओळख पटते ती तिथेच. मऊ कापडाने धूळ पुसून भिंगातून पाहावे. ‘शेफिल्ड’ असेल तर माल इंग्लंडचा, ‘सोलिंगेन’ असेल तर जर्मनीचा. तारा आणि शेजारी क्रॉस ही शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. दोन जुळ्या माणसांची आकृती ही सोलिंगेनच्या हेंकेल्सची. ती १७३१ पासून नोंदलेली आहे.

काळाचा अंदाज देशाच्या नावावरून बांधता येतो. ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये, भारतात १८८९ मध्ये आणि अमेरिकेत १८९० मध्ये मालावरील खुणांविषयी कायदे झाले. त्यानंतर देशाचे नाव कोरण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे स्पष्ट कोरलेला वस्तरा बहुधा १८९० नंतरचा मानतात. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ नंतरचाच. ‘स्टेनलेस’ असे कोरले असेल तर तो १९१३ पूर्वीचा असणार नाही. कारण शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद त्याच वर्षी तयार केले.

‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे पाहून अनेकांना वस्तरा चांदीचा वाटतो. तसे नसते. त्यामागचा इतिहास मात्र आपल्या जवळचा आहे. मुशीत शिजवलेले ‘वूट्झ’ पोलाद भारतात फार पूर्वीपासून होत असे. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र. मायकेल फॅरडे आणि जेम्स स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास या पोलादाचा अभ्यास करता करता मिश्र पोलादाचे प्रयोग केले. त्यात त्यांनी किंचित चांदी मिसळूनही पाहिली. पुढे कारखानदारांनी ते नाव जाहिरातीसारखे वापरले.

काही वस्तऱ्यांवर शिक्काच नसतो. पाते जाड, घडण थोडी ओबडधोबड, मूठ लाकडाची किंवा शिंगाची. अशी हत्यारे बहुधा गावच्या लोहाराच्या हातची. त्यांना कमी लेखू नये.

मुठीकडेही लक्ष हवे

शिंग किंवा हाडाची मूठ टिकाऊ असते. सेल्युलॉइडची मूठ मात्र जपून हाताळावी. जुने सेल्युलॉइड उष्णतेने विघटित होते. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ पात्याला गंज चढवते आणि ते पटकन पेटही घेते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो, हे सांगायला नको. मूठ चिकट झाली असेल, तिला चिरा गेल्या असतील किंवा उग्र वास येत असेल, तर तो वस्तरा इतरांपासून वेगळा, हवेशीर आणि थंड जागी ठेवावा. मूठ हस्तिदंती असेल तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे.

गंज आणि जंतू

गंजामुळे धनुर्वात होतो, हा समज अर्धवट आहे. धनुर्वाताचे जिवाणू माती, धूळ आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात, आणि गंजाच्या खड्ड्यांत अशी धूळ अडकून राहते. म्हणून वस्तरा साफ करताना जाड हातमोजे घालावेत. कापलेच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंची गोष्ट वेगळी. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, ‘सी’चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर ६ आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. चाळीस वर्षे माळ्यावर पडलेल्या पात्यावर ते जिवंत नसतात. धोका सुरू होतो तो वस्तरा पुन्हा वापरात आला की. ‘एकदा करून पाहू’ म्हणून तोच वस्तरा दोघा-तिघांच्या गालावरून फिरला, तर एकाच्या रक्ताचा सूक्ष्म थेंब दुसऱ्याच्या ओरखड्यात जातो. गंजाचे खड्डे पुसून स्वच्छ होत नाहीत. तुरटी फिरवणे किंवा जंतुनाशकाच्या पाण्यात क्षणभर बुडवणे हे निर्जंतुकीकरण नव्हे. याच कारणाने आता सलूनमध्ये अर्धे पाते घालण्याची पट्टी वापरतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावले जाते. ते डोळ्यांदेखत बदलून घ्यावे.

जपायचा कसा?

वस्तरा धार लावण्याच्या फिरत्या चाकावर देऊ नये. घर्षणाच्या उष्णतेने पात्यावर निळसर झाक आली की पोलादाचा कडकपणा गेला, असे समजावे. शिवाय शिक्काही झिजतो. शिवणयंत्राचे तेल लावून काही तास ठेवावे आणि मऊ कापडाने मण्याकडून धारेकडे, एकाच दिशेने हळूच पुसावे. पावसाळ्यापूर्वी तेलाचा पातळ थर द्यावा. कातडी पिशवी ओल धरते, म्हणून धोकटी जपावी, पण वस्तरा तिच्याबाहेर, कोरड्या कागदात गुंडाळून, कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

सोबत एक चिठ्ठी जरूर असावी : कोणत्या गावातून मिळाला, कोणत्या काळात वापरात होता, धोकटीत आणखी काय होते. शेफिल्डचा वस्तरा शिक्क्यावरून कधीही ओळखता येईल. लोहाराने घडवलेल्या बिनशिक्क्याच्या वस्तऱ्याची ओळख मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच आहे. ती आजच विचारून लिहून ठेवावी.