रक्तातले परजीवी (लेखांक ४) : सर्रा

गेल्या आठवड्यात आपण गोचिडांमुळे होणारे ताप पाहिले. थायलेरिया आणि बबेसिया हे दोन्ही परजीवी पेशीच्या आत दडून वाढतात. आजचा परजीवी, सर्रा रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, पेशीत शिरतच नाही. तो रक्तद्रवात मोकळा वळवळत असतो. ताज्या रक्ताचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्याच्या धक्क्याने तांबड्या पेशी इकडेतिकडे सरकताना दिसतात.

१८८० साली डेरा इस्माईल खान इथे लष्करी पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला आणि रोगाचे कारण हेच, असे सांगितले. त्या काळी उंदरांच्या रक्तात असे जीव आढळले होते आणि ते निरुपद्रवी मानले जात. त्यामुळे इव्हान्स यांचे म्हणणे वरिष्ठांना पटले नाही. पुढे ते खरे ठरले आणि परजीवीला त्यांचेच नाव मिळाले.

हा रोग पसरवते ती गोमाशी. तिचा चावा फार झोंबतो. जनावर शेपटी झाडते, कातडी थरथरवते, आणि माशी अर्ध्यावर उठून शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेवरचे ओले रक्त काही मिनिटांतच दुसऱ्या जनावरात पोचते. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी त्सेत्से माशीच्या शरीरात वाढतो; इथे मात्र माशी फक्त वाहक असते. म्हणून आजारी आणि निरोगी जनावरे एकाच दावणीला बांधली की धोका वाढतो. एकाच सुईने ओळीने सगळ्या जनावरांना टोचले, तर माशीचेच काम माणूस करतो. मांसभक्षक प्राण्यांना तर रोगी जनावराच्या ताज्या मांसातूनही लागण होते. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात सर्रामुळे डझनभर वाघ दगावले.

रक्तात असताना हा परजीवी जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर जगतो. त्याच्याकडे साखरेचा साठा नसतो, त्यामुळे तो ती सतत ओढत राहतो. तीव्र आजारात जनावराच्या रक्तातली साखर घसरते. ते गोल गोल फिरते, दावणीला डोके दाबून उभे राहते, झटके येऊन कोसळते. म्हणूनच गंभीर जनावराला परजीवीवरच्या औषधाबरोबर शिरेतून डेक्स्ट्रोजही द्यावे लागते. मधुमेहात रक्तात साखर साचते. इथे ती दुसराच कोणी खाऊन टाकतो.

म्हशी आणि बैल मात्र पुष्कळदा वरकरणी धडधाकट दिसतात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. दूध आटते, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, गाभण जनावर गाभडते. ताप असा ये-जा करतो, कारण परजीवी आपल्या अंगावरचे प्रथिनांचे आवरण बदलत राहतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली की काही परजीवी नवे आवरण घेऊन वाढू लागतात. लसीची आशा इथेच अडते.

आता महाराष्ट्रातली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला अनेक महिने चढउताराचा ताप येत होता. त्याच्या रक्तात नागपूरच्या डॉक्टरांना ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आढळला. मानवी शरीरातली ही पहिली सिद्ध झालेली लागण म्हणून २००५ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध झाली. माणसाच्या रक्तद्रवात अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचे प्रथिन असते. ते परजीवीच्या आत जाऊन छिद्रे पाडते आणि तो फुगून मरतो. पुढच्या संशोधनात दिसले, की या रुग्णात हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये बिघाड होता आणि त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. प्रयोगशाळेत ते मिसळल्यावर परजीवी मेले. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. त्याच्या गावातल्या १,८०६ जणांची रक्तचाचणी झाली. जवळजवळ चौथा हिस्सा लोकांचे रक्त प्राथमिक चाचणीत होकारार्थी आले, पण पुढे ज्यांचे रक्त बारकाईने तपासले, त्यांच्यापैकी कुणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. म्हणजे संपर्क येतो, पण बहुतेकांचे शरीर त्याला टिकू देत नाही.

त्यावर निश्चिंत मात्र राहू नये. २०१६ मध्ये व्हिएतनाममधल्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्याकडे ते प्रथिन व्यवस्थित असूनही तिला लागण झाली होती. अशी प्रकरणे अगदी मोजकी आहेत. पण ती शोधलीच जात नसल्यामुळेही कमी वाटत असतील, हे मला नाकारता येत नाही. तापाच्या रुग्णाची काचपट्टी हिवतापासाठी तपासली जाते. तपासणाऱ्याने त्याच पट्टीवर पेशींच्या बाहेरही नजर फिरवली, तर वेगळा खर्च लागत नाही.

पशुपालकांनी एवढे करावे. ताप चढलेला असतानाच, औषध टोचण्याआधी, कानाच्या शिरेतून रक्त घेऊन तपासायचा आग्रह पशुवैद्यकांकडे धरावा. ताप उतरला की परजीवी इतके कमी होतात, की पट्टीवर सापडत नाहीत. प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरायला लावावी. हाताला जखम असेल तर जनावराचे रक्त किंवा कच्चे मांस हाताळू नये. आणि वारंवार ताप येऊन दवाखान्यात जाल, तेव्हा घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.