‘स्वामी’चा शेवट गोड करता आला असता का?

1980 च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘स्वामी’ ही मालिका आली. गजानन जागीरदार यांचं दिग्दर्शन, माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत त्या वेळी शाळकरी वयाच्या मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी. ही जोडी घराघरांत पोहोचली. पण तिचा शेवट काय होणार, हे पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मालिकेचा आधार होता रणजित देसाई यांची 1962 ची कादंबरी, आणि कादंबरीचा आधार इतिहास.

पानिपतानंतर, 1761 मध्ये, माधवराव पेशवे झाले तेव्हा ते अवघे 16 वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी आळेगावजवळ काका राघोबादादांनी त्यांच्यावर मात केली. घरातली लढाई वाढू नये म्हणून माधवरावांनी पड खाल्ली. त्यानंतर 1763 मध्ये राक्षसभुवनला त्यांनी निजामाचा पराभव केला आणि मग कर्नाटकात हैदर अलीवर एकामागून एक मोहिमा काढल्या. असा माणूस शेवटी रणात पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात क्षयानं त्यांना पोखरलं. 1770 ची मोहीम अर्ध्यावर त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना परतावं लागलं. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. वय 27.

माधवरावांना हा शेवट शोभतो, तो याचसाठी. तलवारीनं मारता येईल असा शत्रूच समोर नव्हता. धाडसी माणसाची खरी कसोटी अशा वेळी लागते, आणि मृत्यूशय्येवरही ते राज्याच्या व्यवस्थेत गुंतलेले होते.

रमाबाईंचं काय? इथे गोष्ट अवघड होते. त्या सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. कादंबरीत हा प्रसंग प्रेमाची परिसीमा म्हणून येतो. पण रमा-माधवाचे हळुवार संवाद ही देसायांच्या लेखणीची देणगी आहे. खऱ्या रमाबाईंच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे कोणत्याही कागदात सापडत नाही. त्याच दशकात, सप्टेंबर 1987 मध्ये, राजस्थानातल्या देवराला गावी एक तरुणी सती गेली. देश हादरला आणि सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्यामुळे माधवरावांचा मृत्यू ‘चटका लावणारा’ म्हणता येतो, पण रमाबाईंच्या शेवटाला तेच विशेषण लावताना आजचा प्रेक्षक अडखळतो. अडखळायलाच हवं.

मग शेवट बदलायचा का? काल्पनिक मालिकेत टीआरपीसाठी नायक परत येतो, इथे ती सोय नाही. शिवाय या मृत्यूशिवाय पुढचं काहीच समजत नाही. माधवरावांनी ज्या राघोबादादांना 1768 मध्ये धोडपला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं, तेच पुढे मोकळे झाले. ऑगस्ट 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादी हातची जाताना पाहून राघोबांनी 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेली हीच ती वसई, जिच्या किनाऱ्यावर आज राजोडी आहे. वसई 1780 मध्ये इंग्रजांनी लढून घेतली, 1782 च्या सालबाईच्या तहानं ती परत मिळाली. साष्टी मात्र गेली ती गेलीच.