रोजा माफ, शाल हवी

परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात डायलिसिसला जाणाऱ्यांना रमजानची सुट्टी नसते. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास. रक्त नळ्यांतून शरीराबाहेर फिरते, तिथे त्याची ऊब जाते, वर एसी. रस्त्यावर घामाच्या धारा आणि आत हुडहुडी! कुडकुडत काही जण वेळेआधीच मशीन बंद करायला लावतात. मग रक्तातली घाण आणि अंगातले जास्तीचे पाणी पुरते निघत नाही.

म्हणून घरून शाल, मोजे, कानटोपी न्यावी. मात्र सुई लावलेला हात झाकू नये. सुई निसटून रक्त वाहू लागले तर नर्सला दिसायला हवे. गरम पाण्याची पिशवी नको. बऱ्याच मधुमेहींना चटका कळत नाही. थंडी वाजून ताप आला तर लगेच सांगावे, तो संसर्ग असू शकतो.

आणि रोजा? कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत आहे. आजार कायमचा असेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यायचे, हा फिद्या. तेव्हा अम्मी-अब्बांना रोजे सुटल्याची खंत वाटू देऊ नका. सहरीला उठाल तेव्हा त्यांची शाल आठवणीने पिशवीत घालून ठेवा.