कणसाच्या पाइपची निगा

पावसाळ्यात गाडीवर भाजलेलं कणीस आपण लिंबू-मीठ लावून खातो. दाणे संपले की हातात उरतो नुसता दांडा. शहरात तो कचऱ्यात जातो, खेड्यात वाळवून चुलीला लावतात. या दांड्याचा आणखी काही उपयोग असेल, असं आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मात्र दीडशेहून अधिक वर्षं याच दांड्यापासून तंबाखू ओढायचे पाइप तयार होत आहेत. हा पाइप साफ कसा करतात, त्याची निगा कशी राखतात आणि ती राखताना काय दिसतं, त्याविषयी आज थोडं बोलू.

मिसुरी नदीच्या काठी, सेंट लुईस शहराच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. राजधानीचं वॉशिंग्टन ते वेगळं. हॉलंडमधून येऊन या गावात स्थायिक झालेले हेन्री टिबे हे लाकूड कातणारे कारागीर होते. आपल्या भाषेत कातारी. असं सांगतात, की एका शेतकऱ्याने कणसाचा दांडा कोरून स्वतःपुरता पाइप केला होता. त्याला तो इतका आवडला, की असे आणखी काही पाइप यंत्रावर कातून द्या, अशी गळ त्याने टिबे यांना घातली. टिबे यांनी ते कातून दिले आणि थोडे दुकानातही ठेवले. तिथून, १८६९ मध्ये, या धंद्याची सुरुवात झाली. दांड्याचं बाहेरचं अंग खडबडीत असतं. त्यावर प्लास्टर भरून ते गुळगुळीत करायच्या कृतीचं पेटंट टिबे यांना १८७८ मध्ये मिळालं.

त्या काळी श्रीमंतांचे पाइप मीरशम नावाच्या पांढऱ्या, हलक्या दगडाचे असत. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. हा दगड तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा. तोही सच्छिद्र, ओल शोषणारा. कणसाच्या पाइपचा गुण तसाच, म्हणून त्याला 'मिसुरी मीरशम' म्हणू लागले. पुढे १९०७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. आजही ती त्याच गावात पाइप करते. जपानच्या शरणागतीच्या वेळी, ३० ऑगस्ट १९४५ रोजी, जनरल मॅकआर्थर अत्सुगीच्या विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या तोंडात कणसाचाच पाइप होता. पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपॉय तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातला पाइपही हाच.

निगा कशी राखायची हे समजण्यासाठी आधी दांडा आतून कसा असतो ते पाहायला हवं. कणीस आडवं कापलं, तर मधोमध भेंडासारखा मऊ गर दिसतो. त्याच्याभोवती लाकडासारखं टणक कडं असतं आणि त्याच्याबाहेर दाण्यांची घरं. पाइप करताना मधला गर कोरून काढतात. टणक कड्याची झाली वाटी. तिच्यात तंबाखू भरायची. वाटीला खालच्या बाजूने भोक पाडून लाकडी नळी बसवतात आणि नळीच्या टोकाला ओठात धरायचा प्लॅस्टिकचा तुकडा. यासाठी नेहमीच्या मक्यापेक्षा जाड दांड्याचा मका मुद्दाम पिकवतात आणि पाइप करण्याआधी दांडे बराच काळ वाळू देतात.

म्हणजे हा पाइप वाळलेल्या, ओल पिणाऱ्या वनस्पतीचा आहे. त्याच्या निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिला नियम, पाण्यात बुडवायचा नाही. कपबशीसारखा नळाखाली धरला, तर दांडा पाणी पितो, फुगतो आणि सांधा ढिला होतो. साफसफाई कोरडीच करायची. दुसरा नियम, आधी थंड होऊ द्यायचा. गरम असताना तोंडाकडचा तुकडा पिळून काढू नये. सांधा सैल पडतो. थंड झाल्यावर राख हलक्या हाताने झाडायची. टेबलाच्या कडेवर पाइप आपटायची सवय सिनेमात रुबाबदार दिसते, पण अशाने नळी वाटीपाशीच मोडते.

मग नळी. तिच्यातून धूर जातो तेव्हा वाफ आणि चिकट द्रव मागे राहतो. तो काढायला पाइप क्लीनर असतो. बारीक, लवचीक तारेभोवती कापसाची लव पिळलेली असते. त्याचं एक टोक घालायचं, दुसरीकडून बाहेर काढायचं. शाळेच्या हस्तकलेसाठी आपली मुलं रंगीबेरंगी केसाळ तारा आणतात ना, त्यांचा मूळ जन्म याच कामासाठी झाला. मात्र हस्तकलेच्या रंगीत तारा पाइपला वापरू नयेत. त्यांची लव बहुधा कृत्रिम धाग्याची असते, ती ओल शोषत नाही. काही पाइपमध्ये ६ मिलिमीटर जाडीची कागदी गाळणीही बसते. ती भिजली की बदलायची, धुऊन पुन्हा वापरायची नाही.

अधूनमधून जरा खोल सफाई लागते. नळी आणि तोंडाकडचा तुकडा सोडवून, कडक मद्यात किंचित भिजवलेला क्लीनर त्यातून फिरवतात आणि नंतर कोरडा क्लीनर घालतात. मद्य वाटीत ओतायचं नाही. दांडा तेही पिऊन टाकतो. वाटीच्या आत हळूहळू काजळीचा थर धरतो. तो सगळाच वाईट नसतो, आतल्या भिंतीला जळण्यापासून तो वाचवतो. पण जाड झाला, की वाटी लहान होत जाते. म्हणून थर पातळच राहू द्यायचा. चाकूने खरवडायचं नाही, कारण आतलं कडं लाकडासारखं असलं तरी लाकूड नव्हे. पातं सहज आत घुसतं. कागद किंवा कोरडं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं की पुरतं.

आणखी एक नाजूक जागा आहे. लाकडी नळीचं टोक वाटीच्या तळाशी थोडं आत आलेलं असतं. तंबाखू शेवटच्या कणापर्यंत ओढली, तर हे टोक जळतं. जाणकार शेवटचा थोडा भाग तसाच सोडतात. कुणी राख आणि पाण्याचा लगदा करून नळीच्या खालची पोकळी लिंपून घेतात, आपल्याकडे चुलीला पोतेरं देतात तसं. लगदा पूर्ण वाळल्याशिवाय मात्र पाइप पेटवायचा नसतो.

आणि शेवटचा नियम विश्रांतीचा. एकदा वापरलेला पाइप निदान दिवसभर मोकळ्या हवेत ठेवायचा. डब्यात बंद केला तर ओल आतच कोंडते आणि पाइप आंबूस वास मारू लागतो. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते; तिथे या दांड्याची काय कथा! हा पाइप तसा स्वस्तातला, साधा तर अगदी थोड्या डॉलरांत मिळतो. बिघडला तर फेकून दुसरा आणावा, असा सोपा हिशेब कुणीही करील. पण निगा राखणाऱ्याकडे तोच पाइप वर्षानुवर्षं टिकतो.

आमच्याकडे जुन्या मुसलमान घरांत 'हुक्का ताजा करणं' असा शब्दप्रयोग होता. पाणी बदलायचं, नळी साफ करायची, मग निखारा ठेवायचा. ताजा हा शब्द किती गोड! पण त्याने ताजा होई तो हुक्का, ओढणारा नव्हे.

याच ठिकाणी निगेची दुसरी बाजू सुरू होते. पांढराशुभ्र क्लीनर नळीत घाला आणि बाहेर काढून पाहा. तो तपकिरी, काळा, चिकट होऊन येतो. पुन्हा घाला, पुन्हा तसाच. कोळसा उगाळावा तितका काळाच. हे नळीत अडकलं तेवढं. जे अडकलं नाही ते तोंडात, घशात, छातीत गेलं. पाइपचा धूर पुष्कळ जण छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, असा समज जुना आहे. तो खरा नाही. ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी पाइपचा संबंध वैद्यकशास्त्राने दाखवून दिला आहे. पाइप कितीही स्वच्छ ठेवला, गाळणी रोज बदलली, तरी धुरातलं विष कमी होत नाही. पाइपमध्ये क्लीनर घालता येतो, छातीत नाही.

हा इशारा आजचा नाही. मका आणि तंबाखू ही दोन्ही पिकं मूळची अमेरिकेची. १६०५ च्या सुमारास अकबराचा माणूस असद बेग आपल्या दख्खनमध्ये, विजापूरला आला, तेव्हा त्याला तंबाखू दिसली. त्याने ती एका नक्षीदार पाइपसह बादशहासाठी नेली. अकबराने ओढून पाहिली, तेव्हा दरबारातल्या हकिमाने हरकत घेतली. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीही घातली. म्हणजे तंबाखू दरबारात पोचली आणि तिच्या मागोमाग हकिमाचा नकारही पोचला. चारशे वर्षं आपण पहिलीचं कौतुक केलं आणि दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

मग पाइपच्या निगेची ही सगळी माहिती कशासाठी? पुष्कळ घरांत आजोबांचा, मामांचा एखादा पाइप खणात पडलेला असतो. टाकवत नाही आणि तसाच ठेवला तर वास मारतो. तो कणसाचा असेल, तर वर सांगितलं तसा कोरडा साफ करा. राख झाडा, काजळी पुसा, नळीतून क्लीनर फिरवा, दोन-चार दिवस वारा लागू द्या आणि उघड्या फळीवर ठेवा. आजोबांची आठवण म्हणून तो पाइप नक्की जपा. त्यासाठी तो पेटवायची गरज नाही. आणि तुमच्याच घरात कुणी अजून पाइप ओढत असेल, तर सफाईच्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि बाहेर आलेला तो काळा क्लीनर त्यांच्यासमोर कागदावर ठेवा. बोलायची गरज पडणार नाही.