मालकाला न सांगता दुसरी नोकरी पाहणे : गैर काय, रास्त काय?

कापड बाजारातील एखाद्या मेहताजीने किंवा सेल्समनने दुसरी जागा पाहावयाचे मनावर घेतले, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सेठला सांगावे की नाही हा. गुपचूप नोकरी शोधणे म्हणजे नमकहरामी तर नव्हे, असे अनेक नेक मुले आम्हास विचारतात. आम्ही स्वतः गादीवर बसणारे, म्हणजे पगार देणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. तरीही आमचे उत्तर साफ आहे : नाही.

नोकरी हा करार आहे. वेळ आणि मेहनत एकाची, पगार दुसऱ्याचा. हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये ज्या बुजुर्गांकडे चाकरी केली, तिची मुदत आधी ठरली होती. आठ वर्षे, आणि स्वखुशीने दहा. सूरह कससमध्ये हा प्रसंग आहे, आणि चाकरीस ठेवण्याजोगा माणूस ताकदवान व अमानतदार असावा ही गोष्टही तेथेच येते. ठरल्याप्रमाणे काम चोख केले की माणूस मोकळा. उद्या कोठे जाण्याचा त्याचा इरादा आहे, हे त्याच्या मनातले आहे. सेठने त्याची मेहनत घेतली आहे, मन विकत घेतलेले नाही. सेठही दुसरा माणूस पाहताना पहिल्याला कोठे सांगतो?

गुप्तता राखण्याचे कारण व्यवहारी आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही गावे मोठी असली तरी धंदा म्हणून एकेक मोहल्लाच आहेत. एकच दलाल ग्रे कापडाचे नमुने घेऊन दिवसात दहा गाद्या फिरतो आणि नमुन्याबरोबर बातमीही पोचवतो. सकाळी बोललेली गोष्ट जोहरच्या नमाजपर्यंत सेठच्या कानी असते. मग वसुलीचे काम काढून घेतले जाते, चेकबुक कपाटात जाते, आणि महिनाभरात एखादा भाचा शेजारी बसून काम शिकू लागतो. तिकडे नवी जागा पक्की नसते. म्हणून ज्या दलालाचे तुमच्या सेठकडे येणेजाणे आहे, त्याला काही सांगू नये. तो कितीही जिगरी असला तरी. सांगायचेच तर धंद्यातून निवृत्त झालेल्या जुन्या माणसाला किंवा दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला सांगावे.

पूर्वी वर्तमानपत्रात बॉक्स नंबरच्या जाहिराती येत. कंपनीचे नाव नसे, अर्ज फक्त नंबरावर पाठवायचा. आमच्या माहितीतील एका मेहताजीचा अर्ज असा फिरून त्याच्याच सेठच्या टेबलावर आला, कारण जाहिरात सेठचीच होती! आज तीच गोष्ट मोबाइलवर घडते. नोकरीच्या संकेतस्थळावर माहिती टाकली की ती आपल्या कंपनीच्या माणसालाही दिसू शकते. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपली माहिती दिसू नये अशी सोय आहे, ती आधी वापरावी. लिंक्डइनवरही नोकरीच्या शोधात असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असे करता येते. मात्र तुमच्या मालकाला ती मुळीच कळणार नाही, याची हमी ते देत नाहीत. दुकानाचा संगणक आणि दुकानाने दिलेला मोबाइल या कामाला लावू नये. तो सेठचा माल आहे.

वेळही सेठचा आहे. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी मुंबईचा मूळजी जेठा मार्केट किंवा सुरतेचा बाजार चालू असतो. भेटीसाठी तो दिवस धरावा. ज्यांची सुट्टी रविवारी असते त्यांनी रीतसर रजा घ्यावी आणि कारण 'खाजगी काम' एवढेच सांगावे. त्यासाठी जिवंत मामाला दफन करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पुढे तोच मामा ईदला दुकानात मुबारकबाद द्यायला येतो.

आता अवघड प्रश्न. सेठने समोर बसवून विचारले, "काय मियाँ, दुसरीकडे बघताय म्हणे?" तर काय करावे? न बोलणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. कसम खाऊन नाकारणारा माणूस पंधरा दिवसांनी राजीनामा देतो, तेव्हा त्याची दहा वर्षांची इमानदारीही लोक संशयाने पाहतात. आमच्या मते एवढे सांगावे : "सेठ, घरखर्च वाढला आहे, चांगले काही आले तर विचार करीन. आजवर काही ठरलेले नाही. असेन तोवर कामात कसर नाही." हे खरेही आहे आणि यात सारा पत्ता उघडही होत नाही. शहाणा सेठ इथे पगाराची गोष्ट काढतो. नाही काढली, तर तेही एक उत्तरच समजावे.

खरी खयानत कोठे होते? उधारीची यादी, ग्राहकांचे भाव, कोणत्या क्वालिटीला किती सूत लागते आणि पडतळ काय येते याचा हिशेब, नव्या डिझाइनचे नमुने यांचे फोटो काढून नेणे, हे चोरीच आहे. काही नवे सेठ मुलाखतीतच हे विचारतात. अशा ठिकाणी जाऊ नये. त्यांना माणूस नको असतो, भाव हवा असतो. तो मिळाला की माणसाचे काम संपते. हातातली कला आणि बाजाराची समज मात्र तुमची आहे, ती घेऊन जाण्यास कोणी रोखू शकत नाही.

कायद्याचेही थोडे समजून घ्यावे. नोकरी सोडल्यानंतर दुसऱ्या कापडवाल्याकडे जाणार नाही, असे कागदावर लिहून घेतले असले तरी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे असे बंधन सहसा टिकत नाही. पण नोकरीची मुदत चालू असतानाचे बंधन वेगळे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता. तो मध्येच सोडून कोटा येथील दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला. 1967 साली सुप्रीम कोर्टाने कारखान्याच्या बाजूने निकाल दिला. 2025 मध्येही एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या नोकरीचा आणि दोन लाखांच्या भरपाईचा बॉंड सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला. म्हणून सही केलेला कागद कपाटातून काढून आधी वाचावा. नोटीस किती दिवसांची, उचल घेतली असेल तर बाकी किती, हे पाहावे. उचल बुडवून गेलेल्याला बाजार विसरत नाही.

तारीखही हिशेबाने ठरवावी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या पेढीत सलग 5 वर्षे झाली की ग्रॅच्युइटी मिळते, प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. समजा त्यासाठी धरला जाणारा पगार 26,000 रुपये आहे. वर्षाचे 15,000 आणि पाच वर्षांचे 75,000 झाले. 4 वर्षे 3 महिन्यांवर राजीनामा देणारा एवढी रक्कम मागे टाकून जातो. नव्या जागी महिना हजार रुपये जास्त मिळत असतील तर ती भरून यायला सव्वासहा वर्षे लागतील.

नव्या सेठची जबान चांगली असेल, तरी नेमणूकपत्र हाती आल्याखेरीज राजीनामा देऊ नये. पगार, कामाची जागा, रुजू होण्याची तारीख त्यात लिहिलेली असावी. जुन्या सेठकडे चौकशी पत्र दिल्यानंतरच करावी, असेही आधी सांगून ठेवावे. पत्र मिळताच मात्र त्याच दिवशी जुन्या सेठला स्वतः जाऊन सांगावे, दलालाच्या आधी. रमजान ईद, दिवाळी किंवा लग्नसराईच्या ऐन गर्दीत सोडणे टाळावे. सेठला दुसरा माणूस तयार करायला अवधी मिळतो आणि तुमचे नाव राहते. उधारीची यादी, चाव्या, नमुने आणि रोकड मोजून द्यावी व त्याची सही घ्यावी. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचा बाकी पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावयाचा असतो. आमच्या सेठ मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद तर आपल्याला फार आधीच मिळाली आहे.

प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढून खर्च करू नयेत. खाते यूएएन नंबरावरून नव्या पेढीत वळवून घ्यावे, म्हणजे पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत जुनी नोकरीही मोजली जाते. जुन्या नोकरीची अखेरची तारीख आणि नव्या नोकरीची पहिली तारीख एकमेकींवर चढणार नाहीत एवढे पाहावे, नाहीतर खाते वळवताना अडचण येते.